गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर आणि सोबत अमिनो आम्लाच्या कॅप्सूल : वापरानंतरचा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि उभा जन्म फळ्यापुढे काढलेल्या माणसाचे गुडघे साठीनंतर कुरकुरू लागावेत, यात नवल नाही. झीज मध्यम असल्याचे निदान झाले. वेदनाशामक गोळ्या पोटाला मानवेनात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ॲक्युपंक्चर सुरू केले आणि दिवाळीनंतर त्याला डीएल-फिनाइलॲलानिन या अमिनो आम्लाच्या कॅप्सूलची जोड दिली.

गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यात सुई जाताना फारसे टोचत नाही. क्षणभराने मात्र आत जडपणा आणि बोथट ठणका पसरतो, आणि उपचार करणारे डॉक्टर त्याचीच वाट पाहत असतात. मग सुयांना चिमटे लावून सेकंदाला दोन ठोके या गतीने सौम्य वीजप्रवाह सोडतात, तेव्हा नडगीशेजारचा स्नायू ठेक्यात उडताना दिसतो. अशा मंद गतीच्या प्रवाहाने शरीरातच एन्केफॅलिन नावाची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे शोधलेल्या या द्रव्यांना शरीरातील विकरे (एन्झाइम) झटपट मोडून टाकतात. डी-फिनाइलॲलानिन, म्हणजे कॅप्सूलमधल्या डीएल मिश्रणातले डी रूप, त्या विकरांना आवर घालते, असा या जोडउपचारामागचा विचार आहे. जपानी डॉक्टरांनी 1980 च्या दशकात कंबरदुखी आणि दात काढणे यांसाठी ही जोडी वापरून पाहिली होती. उलट, 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट दुखण्यावर नुसते डी-फिनाइलॲलानिन बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

माझाही अनुभव असाच आहे. डॉक्टर परगावी असताना सुया बंद होत्या आणि कॅप्सूल चालू होत्या. त्या काळात गुडघ्यांना काडीचाही फरक पडला नाही. दोन्ही एकत्र असताना मात्र, पूर्वी दुसऱ्या दिवशीच ओसरणारा आराम आठवड्याच्या अखेरीपर्यंत टिकू लागला. त्यात माझ्या विश्वासाचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही. जिना उतरताना कठड्याचा आधार आता लागत नाही. मांडी घालून पंगतीत बसणे मात्र अजूनही जमत नाही, आणि झीज काही भरून येत नाही.

कॅप्सूल उपाशीपोटी घ्यावी, कारण दूध किंवा डाळीतील इतर अमिनो आम्ले मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर तिच्याशी स्पर्धा करतात. सायंकाळी घेतली की माझी झोप उडते, म्हणून सकाळची वेळच बरी. रक्तदाब वाढू शकत असल्याने तो तपासत राहावा लागतो. फिनाइलकीटोन्युरिया (शरीराला फिनाइलॲलानिन मोडता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्यांनी हे घेऊच नये. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा किंवा नैराश्यावरील एमएओ-रोधक औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

खटकणारी बाब किमतीची. डीएल मिश्रणात उपयोगाचे मानले जाणारे डी रूप निम्मेच असते, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते 250 मिलिग्रॅमच मिळते, आणि डब्यावर ही फोड ठळकपणे दिलेली नसते. सध्या मी सुयांच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी एवढ्याच कॅप्सूल घेतो. आराम पूर्वीइतकाच आहे आणि डबा बराच जास्त पुरतो.