निळंशार पाणी आणि आईचे हिरवे केस

आईचे केस हिरवे दिसायला लागले तेव्हा पहिला संशय आम्ही शाम्पूवर घेतला, मग नव्या तेलावर, मग माझ्या चष्म्यावर. आई ७८ वर्षांची, केस कापसासारखे पांढरे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेलं. मुळशीकडच्या आमच्या घराला लहानसा पूल आहे: ६ मीटर लांब, ३ रुंद, सरासरी १.२ खोल. शनिवार-रविवारी ती कठड्याला धरून त्यात तासभर चालायची. मार्चअखेरीस तिच्या मानेवरच्या केसांना काकडीच्या सालीची छटा आली. "मी पिकायची सोडून उलटी कच्ची व्हायला लागले की काय?" असं तीच म्हणाली. तेव्हा सगळे हसलो.

मी बँकेत २८ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा ऑडिटला. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःच्या घरी ६८,२०० रुपयांना फसले, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. पावसाळाभर घर बंद होतं, पंप बंद, पाण्यात पालापाचोळा. दिवाळीनंतर गेलो तर पूल कसला, डबकंच. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ. कुणीतरी नंबर दिला, माणूस आला. बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र, हातात किटची पेटी. त्यानं एका नळीत पिवळे थेंब टाकले, दुसरीत लाल, आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "मॅडम, पाणी मेलंय. पण आठ दिवसांत निळं करून देतो." चार महिन्यांचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, महिना ६,५०० प्रमाणे २६,००० आगाऊ, केमिकलचे पैसे वेगळे. मी दिले.

आठ दिवसांत पाणी खरंच निळं झालं. त्या निळ्याच्या मोहात मी पुढचं काहीच विचारलं नाही. टीसीसीए ९० म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या, दरमहा ५ किलो, चार महिन्यांचे ७,६००. 'इम्पोर्टेड अल्गीसाइड'चे, म्हणजे शेवाळ मारायच्या औषधाचे, तीन कॅन, १२,६००. मार्चमध्ये फिल्टरची वाळू खराब झाली म्हणून तिच्याऐवजी काचेची मीडिया, म्हणजे काचेचे बारीक कण, २२,०००. बिलं साध्या पावतीपुस्तकातली, जीएसटी नंबर नाही, पैसे यूपीआयनं आणि तेही तिसऱ्याच कुणाच्या नावावर. यातली एक गोष्ट एखाद्या शाखेत दिसली असती तर मी मॅनेजरला घाम फोडला असता.

दर शनिवारी दुपारी त्याचा मुलगा यायचा, बादली ओतायचा आणि लगेच मला बोलावून नळी दाखवायचा. थेंब टाकले की झक्क पिवळं. "बघा मॅडम, क्लोरीन फुल." ही मेख मला फार उशिरा कळली. नुकतंच हायपो, म्हणजे पातळ क्लोरीन, ओतलंय तिथलंच पाणी नळीत भरलं तर पिवळं होणारच. क्लोरीनला उन्हापासून वाचवायला पाण्यात सायन्युरिक ॲसिड लागतं. ते नसेल तर कडक उन्हात दोन-तीन तासांत क्लोरीन जवळजवळ संपतं. म्हणजे दुपारी मला दाखवलेलं पिवळं संध्याकाळी नसायचंच, आणि आई पाण्यात उतरायची संध्याकाळी. नातवाचा कान जानेवारीत ठणकला होता. तो पाण्यामुळे की सर्दीमुळे, आता सांगता येणार नाही.

केसांची गोष्ट मी फोनवर भाच्याला सांगितली, नुसती गंमत म्हणून. तो केमिकल इंजिनिअर. हसलाच नाही. म्हणाला, "मावशी, पाण्यात तांबं आहे का बघ." तांबं केसांतल्या प्रथिनाला धरून बसतं. आमच्या काळ्या आणि रंगवलेल्या केसांत ते दिसत नव्हतं, आईच्या पांढऱ्यात उमटलं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत नमुना दिला. तांबं निघालं लिटरला १.८ मिलिग्रॅम. शेवाळ मारायला पुलात तांबं वापरतात तेही ०.२ ते ०.४च्या आसपास ठेवतात.

'इम्पोर्टेड अल्गीसाइड' म्हणजे पाण्यात विरघळवलेलं मोरचूद, तांब्याचा क्षार, होतं. द्राक्षबागेवरच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर घालतात तेच. आमच्या पुलात साधारण २१,६०० लिटर पाणी. एवढ्या पाण्यात १.८ची पातळी यायला दीडशे ग्रॅम मोरचूद पुरतं. तळाला बसलं ते वेगळं धरलं तरी कृषी केंद्रातल्या दोन-तीनशे रुपयांच्या मालाचे मी साडेबारा हजार मोजले. पैशांपेक्षा वाईट गोष्ट अशी, की मोरचुदानं शेवाळ मरतं आणि पाणी काचेसारखं दिसतं, पण माणसांच्या अंगावरून पाण्यात जाणाऱ्या जंतूंसाठी क्लोरीनच लागतं. आम्ही निळ्या, सुंदर, निर्जंतुक न केलेल्या पाण्यात पोहत होतो.

पण खरा हिशेब लागला तो टीसीसीएच्या बिलावरून. भाच्यानं समजावलं, की या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही असतं. क्लोरीन उडून जातं, हे मागे राहतं. उन्हानं जात नाही, बाष्पीभवनानं जात नाही, पाणी बदलल्याशिवाय हलत नाही. आमच्या पुलात १ किलो गोळ्यांनी ते साधारण २५ पीपीएमनं (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) वाढतं. बिलाप्रमाणे २० किलो पडल्या, म्हणजे ५०० पीपीएम हवं. डिसेंबर ते मार्च पावसाचा थेंब नाही. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहानं धुण्यात, गेलेलं आणि टँकरनं भरलेलं पाणी धरून निम्मं सोडलं, तरी २५० हवं. एवढं झालं असतं तर पाणी वेगळ्याच कारणानं बिघडलं असतं, कारण ते ३०-५०च्या फार वर गेलं की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं. मी किट मागवलं. त्यात पाणी आणि औषध मिसळलं की गढूळ होतं, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका कितव्या रेघेला दिसेनासा होतो ते बघायचं. नळी काठोकाठ भरली. ठिपका लख्ख दिसत होता. म्हणजे ३०च्याही खाली. स्टॉक रजिस्टरात वीस पोती आणि गोदामात एकही नाही, अशी ती केस होती. फरक एवढाच, की इथलं गोदाम खोटं बोलू शकत नव्हतं.

एप्रिलमध्ये तो म्हणाला, टाइल्सच्या सांध्यांत 'काळं शेवाळ' आलंय, फार चिवट, ॲसिड वॉश करावा लागेल, १८,०००. तोवर मी शहाणी झाले होते. डागावर ब्लीचिंग पावडरची पुरचुंडी अर्धा तास दाबून ठेवली. शेवाळ असतं तर फिकं पडलं असतं, हे जसंच्या तसं. शेजारच्या डागावर सायट्रिक ॲसिडची पुरचुंडी ठेवली, तो लगेच उजळला. म्हणजे डाग धातूचा. त्याचंच मोरचूद, पीएच ८.२ला गेल्यामुळे पाण्यातून बाहेर पडून सांध्यांत बसलेलं. स्वतः केलेल्या डागाची सफाई तो मला विकत होता! मग प्लंबरला बोलावून फिल्टर उघडला. आत जुनीच वाळू, ढेकळं झालेली. काच औषधालाही नाही. २२,००० तिथे गेले.

मी त्याला फोनवर आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला केमिकलमधलं कळणार नाही."

पूल मग आम्हीच दुरुस्त केला. तांबं काढायला निम्म्याहून जास्त पाणी उपसून नवं भरलं. ॲसिडनं पीएच ७.२वर आणला (ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी नाही, आणि हायपोच्या बादलीत तर कधीच नाही, विषारी वायू निघतो). सायन्युरिक ॲसिड ७०० ग्रॅम घातलं. मोरचूद कमी झाल्यावर शेवाळानं डोकं वर काढलंच, तेव्हा १० टक्क्यांचं हायपो सूर्यास्तानंतर घालून क्लोरीन १२ पीपीएमला नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. आमच्या पुलाला अडीच लिटरनं तेवढं चढतं. पंप चोवीस तास, रोज ब्रश, फिल्टरच्या काट्यावर दाब ८-१० पीएसआयनं चढला की बॅकवॉश. पाणी हिरव्याचं राखाडी झालं, मग दुधाळ, आणि सहाव्या दिवशी तळाचा स्क्रू दिसला. आता थांबावं का, हे रात्री आणि पहाटे उजाडायच्या आधी क्लोरीन मोजून ठरवलं. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घटलं, तर क्लोरीन खाणारं शेवाळ पाण्यात उरलेलं नसतं. सगळ्या केमिकलचा खर्च चार हजारांच्या आत.

तुमच्याकडे कुणी येत असेल तर एवढं करा. नळी स्वतः भरा, त्यानं केमिकल ओतण्याआधी भरा, आणि पाणी कोपरभर खोलीवरून, इनलेटपासून, म्हणजे फिल्टरचं पाणी पुलात येतं त्या तोंडापासून, लांब घ्या. केमिकल सीलबंद डब्यात, छापील नावासकट तुमच्यासमोर उघडलेलं हवं, सुटं कॅनमधलं नको. पक्कं बिल घ्या. मोरचूद घालणार का, हे सरळ विचारा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानं उत्तर दिलं नाही, पण जिल्हा ग्राहक आयोगात जाते म्हटल्यावर १०,००० परत पाठवले आणि माझा नंबर ब्लॉक केला. आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट, पावत्या आणि वाळूचे फोटो फायलीत लावून ठेवलेत.

आईनं केस बारीक कापून घेतले. आता पाण्यात जाण्याआधी ती नळाखाली डोकं भिजवते, म्हणजे पुलाचं पाणी केसांत कमी मुरतं. मग पायरीवर उभी राहून विचारते, "आज किती?"

"अडीच. पीएच साडेसात."

मगच दुसरी पायरी उतरते.