सोर्स कोडसकट मिळणारं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर: घ्यावं का?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा पट्ट्यातल्या जिनिंगांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी) विकलं जाणारं हे पॅकेज करारावर सही केली की सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता येणारा मूळ मजकूरही, देतं. अट एकच, तो तिसऱ्याला द्यायचा नाही. रोजचं काम चोख. काट्याचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरवरचं वजन आरएस-२३२ या सिरियल केबलने ९६०० बॉडच्या वेगाने कॉम्प्युटरवर येतं, भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, काटापावती छापली जाते.

पण खरी किंमत वसूल होते ती कोड वाचल्यावर. वजनाच्या खिडकीत शिफ्ट-एफ९ दाबलं की आकडा हाताने टाकता येतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. केबल तुटली तर गाड्या अडू नयेत म्हणून ठेवलेली सोय असेल. तरी रिकाम्या गाडीचं वजन २० किलो वाढवून टाकलं की शेतकऱ्याचा तेवढा कापूस फुकट गेला! वैधमापनाचं सील इंडिकेटरवर असतं, या बटणावर नाही. नुसत्या ईएक्सईत, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या तयार फाइलीत, हे सहजासहजी सापडलं नसतं. वापरणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण नोंदवल्याशिवाय हे बटण चालू देऊ नका.

धोकाही त्याच कोडमध्ये आहे. डेटाबेसच्या ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड त्यातच लिहिलेला, आणि सगळ्या जिनिंगांना तोच. एकाचा पेनड्राइव्ह बाहेर गेला की सगळ्यांची कुलपं उघडी. सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केरकॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त फक्त किल्ली असावी. इथे किल्लीच पद्धतीत ठेवली आहे. बसवतानाच ‘एसए’ बंद करून विंडोज लॉगिन घ्या. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात एकेरी अवतरणचिन्ह टाकलं की एरर येतो, कारण नाव थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, जोडलं आहे. तिथून डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतले परके हुकूम घुसवता येतात. नाव हुकमापासून वेगळं ठेवणारी, पॅरामीटरवाली क्वेरी लिहून मागा.

काट्याच्या खोलीत विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर असेल तर तो आधी बदला. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, त्याचा सोर्स कोड सप्टेंबर २०२० मध्ये बाहेर फुटला. भोकं शोधणाऱ्याला नकाशा मिळाला, बुजवणारा मात्र कोणी नाही.

दाखवलेला कोड आणि चालणारी ईएक्सई एकच आहे, हे तोंडी मानू नका. आपल्याच कॉम्प्युटरवर कोडवरून ईएक्सई तयार (बिल्ड) करून तीच फाइल काट्यावर टाका. विक्रेत्याच्या फाइलशी हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळवत बसू नका. बिल्डची वेळ फाइलमध्ये जात असल्याने तो बहुधा जुळत नाही. करारात सापडलेली चूक किती दिवसांत दुरुस्त करणार तेही लिहून घ्या, आणि हे सगळं कापसाची आवक सुरू होण्याआधी उरका.