पीडीएफसारखी दिसणारी एक फाईल आणि गेलेले ३,८४,५०० रुपये

इचलकरंजीत माझा सुताचा व्यापार आहे. मार्चअखेरच्या धावपळीत एका जुन्या ग्राहकाच्या नावाने ईमेलवर ‘पर्चेस ऑर्डर’ आली आणि सोबतची झिप फाईल मी उघडली. नाव ओळखीचे, मजकुरात सुताचा काउंटही (जाडीचे माप) बरोबर. अशा ऑर्डरी रोज येत असताना कोणत्या व्यापाऱ्याने संशय घेतला असता?

तरीही एक क्षण मला अजून झोपू देत नाही. फाईलवर चिन्ह पीडीएफचे होते, पण उघडताना संगणकाने बदल करण्याची परवानगी मागितली. पीडीएफ अशी परवानगी कधीच मागत नाही. नावाच्या शेवटचे ‘डॉट ईएक्सई’, म्हणजे ही फाईल एक प्रोग्राम असल्याची खूण, विंडोज मुळातच लपवून ठेवते. ते दिसेल अशी मांडणी आजच करून घ्या.

आत होता रेमकॉस, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून पाहू आणि चालवू देणारा प्रोग्राम, जो दूरस्थ नियंत्रणाचे साधन म्हणून २०१६ पासून उघडपणे विकला जातो. बाहेरून कोणी घुसत नाही, आपलाच संगणक आतून हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि त्यामुळे बाहेरचा शिरकाव रोखणारी फायरवॉल बहुधा अडवत नाही. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. बँक तो ईमेलवरही पाठवते, आणि बॅकअपसाठी रात्रभर चालू असलेल्या त्याच संगणकावर ईमेल उघडे होते. मध्यरात्रीनंतर १,९५,००० आणि १,८९,५०० रुपये गेले.

सकाळी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने बँकेचे पत्र मागितले आणि बँकेने एफआयआरची प्रत! हद्दीचे कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले असताना ते पोलिसांना मी वाचून दाखवायचे? बँकेचे एकच पालुपद, ‘ओटीपी वापरला गेला, जबाबदारी तुमची.’ ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवरच आहे, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. ते परिपत्रक पुढे ठेवले तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्याने कागदाकडे पाहिलेही नाही. त्यामुळे तोंडी नकार ऐकून परतू नका, लेखी उत्तर मागा.

त्याच अधिकाऱ्याने संगणक फॉरमॅट करून घेण्याचा सल्ला दिला होता. तसे अजिबात करू नका, पुरावा त्यातच असतो. इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. तीस दिवसांत बँकेचे उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माझी तक्रार आता तिथे आहे.