नारिंगी गोदामातले दोन तास : कोव्ह्रा, झेलंड

पत्ता विचारत बसायची गरज नाही. नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतात, व्लिसिंगेनच्या बंदरपट्ट्यात, बोर्सेलाच्या अणुवीज केंद्राजवळ एक भडक नारिंगी इमारत लांबूनच डोळ्यात भरते. भिंतीवर हिरव्या अक्षरांत आइन्स्टाइनचं सूत्र, तेही अख्ख्या भिंतीला पुरेल एवढं. देशातला सगळा किरणोत्सारी कचरा सांभाळणाऱ्या कोव्ह्रा या संस्थेचं हे गोदाम. आमच्या डच शिकवणीच्या गटाला तिथली फेरी मिळाली, आणि वर्गात सगळ्यात आधी हात मी वर केला.

त्याला कारण आहे. मी बोईसरची. बाबा तारापूरला फिटर. घरी त्याला कुणी कधी अणुऊर्जा केंद्र म्हटलं नाही, ते नुसतं 'ॲटॉमिक'. अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा टीएलडी बॅज गेटवरच्या रॅकमध्ये अडकवून बाबा घरी यायचे आणि 'तिथल्या कचऱ्याचं काय करता?' या माझ्या प्रश्नाला 'ठेवतो नीट' एवढंच उत्तर द्यायचे. ते 'नीट' म्हणजे काय, ते बघायला मला पस्तिशी ओलांडून झेलंडला यावं लागलं.

व्यवस्था चोख. नावं आधी कळवायची, ओळखपत्र सोबत ठेवायचं. गाइडबाई डचमध्येच बोलत होत्या. माझं डच अजून भाजीबाजाराच्या पुढे गेलेलं नाही, तरी अर्ध्याहून जास्त कळलं, कारण बाईंना हातवारे करून सांगायची हौस होती.

आधी कमी तीव्रतेचा कचरा. हातमोजे, डगले, फिल्टर, इस्पितळांतून आणि प्रयोगशाळांतून आलेलं सटरफटर. हे भरलेले पत्र्याचे ड्रम दीड हजार टनांच्या प्रेसखाली जातात आणि भाकरीसारखे चपटे होऊन निघतात. त्या भाकऱ्या मोठ्या ड्रममध्ये एकावर एक रचायच्या, वरून सिमेंट ओतायचं. पुढे हॉलभर ड्रमच ड्रम. इतकी शिस्तशीर मांडणी मी फक्त आजीच्या फडताळात पाहिली आहे. हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली, ड्रम गंजू नयेत म्हणून. आता गंमत ऐका. अशी कोरडी, स्थिर हवा जुन्या चित्रांनाही मानवते, म्हणून झेलंडमधली संग्रहालयं आपल्या वस्तू इथल्याच आवारात ठेवायला देतात. कचरा आणि कलाकृती एकाच राखणदाराकडे!

मग ती नारिंगी इमारत, 'हाबोख', जहाल कचऱ्यासाठीची. 2003 साली राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. भिंती 1.7 मीटर जाडीच्या काँक्रीटच्या. पूर, भूकंप, अंगावर कोसळणारं विमान, सगळं धरून बांधलेली. 1953च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडून एका रात्रीत अठराशेहून जास्त माणसं नेली, हे झेलंडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पुराचा विचार इथे कागदापुरता असूच शकत नाही.

आतल्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीत गोल झाकणं बसवलेली. रंगवलेल्या फरशीवर आपण उभे, आणि पायाखाली उभ्या विहिरी. बोर्सेलाचं वापरलेलं इंधन फ्रान्समधल्या 'ला हाग' इथल्या कारखान्यात जातं. तिथे त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरलेला जहाल गाळ वितळलेल्या काचेत कालवून स्टीलच्या डब्यात ओततात. डबा 1.34 मीटर उंच, आत साधारण 400 किलो काच. माझ्या लेकीच्या उंचीचा. तो उघड्यावर ठेवला आणि शेजारी उभं राहिलं, तर काही मिनिटांत खेळ खलास. विहिरीत असे पाच डबे एकावर एक. त्यांची उष्णता न्यायला पंखा नाही की पंप नाही. खालून गार हवा येते, तापते, धुराड्यातून आपोआप वर निघून जाते. वीज गेली तरी हवा वर जायची थांबत नाही. 2011 साली जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात पंप बंद पडून काय झालं ते आठवलं की या साधेपणाची किंमत कळते. आणि हो, तारापूरलाही काचेत बंद केलेल्या कचऱ्याचं गोदाम आहे, तेही असंच उंच धुराड्याच्या ओढीवर थंड राहतं. बाबांच्या 'ठेवतो नीट'चा अर्थ मला त्या फरशीवर लागला.

पैशाचा हिशेब मला सगळ्यात आवडला. कचरा देणाऱ्याने एकदाच पैसे मोजायचे. पुढची मालकी आणि जबाबदारी कोव्ह्राची. निदान शंभर वर्षांची राखण आणि शेवटी जमिनीत खोल पुरण्याचा खर्चही त्याच बिलात. ती रक्कम गुंतवून वाढवायची. शंभर वर्षांचं व्याज कोण छातीठोक सांगणार, ही माझी शंका मी मोडक्या डचमध्ये विचारलीच. बाई हसल्या आणि म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे.

या फेरीला मी पाचपैकी चार तारे देते. आता एक तारा का कापला ते. चित्रकार विल्यम फेरस्ट्रातेन यांची कल्पना अशी की ही इमारत ठराविक वर्षांनी थोड्या फिक्या रंगात रंगवायची आणि शंभर वर्षांत पांढरी करायची, आतली उष्णता ओसरत जाते तशी. कल्पना सुंदर. काचेतल्या सीझियम-137चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 30 वर्षांचं, म्हणजे शंभर वर्षांनी त्याचा दहावा हिस्सा उरतो. तिथवर रंग खरं बोलतो. पण त्याच काचेत नेपच्युनियम-237ही आहे, आणि ते निम्मं व्हायला 21 लाख वर्षं लागतात. पांढरी भिंत बघून 'संपलं' असं वाटेल, आणि ते खोटं असेल. शिवाय पुरायची जागा अजून ठरलेलीच नाही. निर्णय 2100च्या आसपास, प्रत्यक्ष पुरणं 2130च्या सुमारास. फिनलंडने असा कचरा पुरायला ओन्कालो इथे चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खणले, आणि इथे पणतवंडांच्या बैठकीसाठी विषय राखून ठेवलाय. राखण उत्तम, पण राखण म्हणजे विल्हेवाट नव्हे.

म्हणून पाचपैकी चार. जाणार असाल तर गट जमवून जा आणि स्वेटर न्या. गोदामात नाही, बाहेर बांधावरच्या वाऱ्यासाठी.

संध्याकाळी बोईसरला फोन लावला. काच, विहिरी, धुराडं, सगळं भडाभडा सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डोस किती आला?"

"गाइडच्या मीटरवर शून्य."

"मग नीट ठेवलंय," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.