साडेचौदा इंचांची बॅरल पिन-वेल्ड करून घ्यावी, सरळ सोळा इंची घ्यावी, की एसबीआरची नोंदणी करावी?

टेक्सासातल्या आमच्या ओळखीच्या तिघांनी गेल्या दोन महिन्यांत मला हाच प्रश्न विचारला. एआर-१५ ही सेमी-ऑटो रायफल घ्यायचं ठरलंय, रानडुकरांच्या शिकारीसाठी आणि शनिवारी रेंजवर जायला. अडलंय ते बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, लांबीपाशी: आखूड नळीच्या तोंडावर एक तुकडा पिन आणि वेल्डने कायमचा जोडून (पिन-वेल्ड) लांबी भरून काढायची, सरळ सोळा इंची घ्यायची, की आखूड बॅरलच्या रायफलची (एसबीआर) सरकारदरबारी नोंदणी करायची. दरवेळी फोनवर तासभर बोलणं होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यांत आधी व्हिसा बघा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मुळात बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आता सोळा इंचांचं कोडं. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा आखूड रायफल ‘शॉर्ट बॅरल रायफल’ ठरते, म्हणजेच एसबीआर. ती आधी मंजुरी घेऊनच बनवायची असते. नोंद नसलेली सापडली तर १० वर्षांपर्यंत तुरुंगवास. पण नळीच्या तोंडावरचा फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा तुकडा) किंवा ब्रेक (धक्का कमी करणारा) कायमचा जोडलेला असेल, तर त्याची लांबी बॅरलमध्ये धरली जाते. साडेचौदा इंची बॅरलला लोक लांब हायडर पिन-वेल्ड करून घेतात ते यासाठीच.

मग यात मिळतं काय? बॅरल दीड इंचाने कमी झाली की ५.५६ च्या (एआर-१५ मध्ये सहसा वापरतात त्या मापाच्या) गोळीचा वेग इंचामागे साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद घटतो. दीडशे यार्डांवरच्या डुकराला तो फरक कळणार नाही. पण फायदाही वाटतो तेवढा नाही. सोळा इंची बॅरलवर साधा ए-२ हायडर लावला तर तोंडापर्यंत साधारण १७.१ इंच होतात, पिन-वेल्डवाली सोळाच्या जरा पुढे थांबते. म्हणजे हातात येतो तो एक इंच आणि पुढच्या टोकाला थोडं कमी वजन. ट्रकमधून उतरताना, मचाणावर वळताना तो इंच जाणवतो हे खरं. पण एवढ्यासाठी काय सोडावं लागतं तेही बघा.

एआरचा गॅस ब्लॉक (नळीतला वायू मागे वळवणारा भाग) नळीच्या तोंडाकडूनच निघतो. बहुतेक हँडगार्डांचा (नळीभोवतीच्या पकडीचा) बॅरल नटही तसाच. तोंडावर कायमचा तुकडा बसला की हे सगळं आत अडकलं. गॅस ब्लॉक हलला, हँडगार्ड बदलावासा वाटला, पुढच्या भागात काहीही करायचं म्हटलं की आधी तो तुकडा कापून काढायचा आणि नंतर पुन्हा नवा जोडून घ्यायचा.

हे मी स्वतः भोगलंय. पहिली रायफल घेतली तेव्हा दुकानदाराने सुचवलेला हायडर डोळे झाकून वेल्ड करून घेतला. दीड वर्षाने सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) घेतला, तर त्याची जोडणी त्या हायडरवर बसेना. कापून काढताना नळीच्या तोंडाचे आटे गेले आणि अख्खी बॅरल बदलावी लागली. चूक कोणाची हे उगाळून काही हाती लागत नाही. पण तेव्हापासून कोणी पिन-वेल्डचं नाव काढलं की माझा पहिला प्रश्न असतो: सप्रेसर कधी लावणार आहात का? ‘कदाचित’ असं उत्तर आलं तरी सप्रेसर कोणत्या कंपनीचा ते आधी ठरवा आणि त्याच कंपनीचा हायडर जोडून घ्या.

दुसरी चूक मोजमापातली. ए-२ हायडर पावणेदोन इंचांचा असतो, म्हणून साडेचौदा अधिक पावणेदोन म्हणजे सव्वासोळा, झालं की, असा हिशेब पुष्कळजण करतात. तो चुकतो, कारण हायडरचा आट्यांचा भाग नळीवर चढलेला असतो. प्रत्यक्षात एक इंचाच्या थोडं वरच भर पडते आणि रायफल साडेपंधराच्या पुढेमागे अडकते. म्हणजे बेकायदा. लांब हायडरच लागतो.

मापाची रीत सोपी आहे. रायफल पूर्ण रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा भाग) बंद करायचा, तोंडातून लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत सोडायची, तोंडाशी पेन्सिलने खूण करायची आणि काठी काढून मोजायची. आमच्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) माझ्यासमोर असं मोजलं तेव्हा खूण सोळा आणि एक अष्टमांशावर होती. तेवढी सूट ठेवाच, अगदी सोळावर काटा आणू नका.

‘कायमचं’ म्हणजे काय हे एटीएफने (बंदुकांचे नियम सांभाळणाऱ्या संघीय संस्थेने) ठरवून दिलंय: पूर्ण वेल्ड, किंवा ११०० अंश फॅरनहाइटला वितळणारं सिल्व्हर सोल्डर, किंवा पिन बसवून तिच्या डोक्यावर वेल्ड. लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) चालत नाही, कितीही घट्ट बसलेलं असो. आणि हे काम बॅरल रायफलला जोडण्याआधी व्हायला हवं. आखूड बॅरल रायफलवर चढली आणि हायडर अजून खोक्यातच आहे, तर त्या घडीला तुमच्या हातात बिननोंदीची एसबीआर आहे. म्हणून घरी ड्रिल घेऊन बसू नका. परवानाधारक गनस्मिथकडे द्या किंवा कारखान्यातूनच जोडून आलेली घ्या.

एसबीआरबद्दल पूर्वी मी ‘नको’ म्हणायचो. २०० डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआर आणि सप्रेसर दोन्हींवरचा तो कर शून्य झाला, त्यामुळे आता तागडी थोडी झुकली आहे. नोंदणी मात्र तशीच आहे: फॉर्म १ (एसबीआर बनवायच्या मंजुरीचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी येईपर्यंत हात न लावणं, रिसीव्हरवर (रायफलच्या मुख्य सांगाड्यावर) नाव-गाव कोरणं. हे एकदा केलं की साडेअकरा इंची बॅरलही बसवता येते, आणि हायडर हवा तेव्हा बदलता येतो. पण राज्याची हद्द ओलांडून नेण्याआधी एटीएफची लेखी परवानगी लागते. आम्ही दर फेब्रुवारीत ओक्लाहोमात जातो, तेव्हा माझ्या एसबीआरवाल्या मित्राला हा कागद आठवणीने काढावा लागतो. पिन-वेल्डवाल्याला त्याची गरज नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी इथे तर सामान्य माणसाला एसबीआर ठेवताच येत नाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचं गणित निराळं आहे. तिथे सेमी-ऑटो रायफलला फ्लॅश हायडर किंवा त्यासाठीचे आटे असणं हे बंदीच्या यादीतलं एक लक्षण धरतात. म्हणून तिथले लोक सोळा इंची बॅरललाही मझल ब्रेक पिन-वेल्ड करून घेतात. इंच वाचवायला नाही, आटे कायमचे झाकायला. तिथे राहत असाल तर वरचा अर्धा लेख तुम्हाला लागूच नाही, आणि सप्रेसरचा प्रश्नही नाही, कारण तो तिथे चालतच नाही.

भारतातून विचारणाऱ्यांना एकच सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे खास परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. तिथे हा विषय निवडीचा नाहीच.

आता त्या तिघांची उत्तरं. ज्याची ही पहिलीच रायफल आहे त्याने सोळा इंची घ्यावी, आटे मोकळे ठेवावेत आणि वर्षभर ती चालवावी. ज्याच्याकडे दोन आहेत, हँडगार्ड, गॅस ब्लॉक, सप्रेसर सगळं पक्कं झालंय आणि जो वर्षातून चार वेळा राज्याबाहेर जातो, त्याला पिन-वेल्ड शोभेल. तिसऱ्याची स्वतःची जमीन आहे, तो टेक्सास सोडत नाही आणि त्याला रोज सप्रेसर लावायचाय. त्याने फॉर्म १ भरायला घ्यावा, आणि मंजुरी येईपर्यंत आखूड बॅरल विकत घेऊन घरात आणू नये.