पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर?

अमेरिकी शैलीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत जातात. ब्रिटिश शैलीत ते मूळ मजकुराचाच भाग असतील तरच आत राहतात. कथा-कादंबरीत दोन्ही खपून जाते, तांत्रिक लेखनात नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील नौकांसाठी व्हीएचएफ संचाची (नौकेवरील बिनतारी रेडिओची) मराठी पुस्तिका लिहिताना, संकटसंदेशाची वाहिनी आहे “16.” असे छापले तरी खलाशी 16च लावील, कारण वाहिनीच्या क्रमांकात टिंबाला जागाच नसते. पासवर्ड आहे “मिऱ्या73.” असे छापले, तर मात्र टिंब टंकावे की नाही, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचे संकेतस्थळ उभारताना पेच आणखी वाढतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधणारी यंत्रणा; तिच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे अशा नावांच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब लागते. ते द्यायचे राहून गेले, तर सर्व्हर त्या नावाच्या शेवटी मूळ डोमेन पुन्हा जोडतो. अमेरिकी शैलीत छापलेले टिंब नावाचे की वाक्याचे, हे कळत नाही; ब्रिटिश शैलीत आतले नावाचे आणि बाहेरचे वाक्याचे, असा निवाडा आपोआप होतो. म्हणून सूचनापुस्तिकेत मी बाहेरचीच बाजू घेईन, मग पान थोडे ओबडधोबड दिसले तरी चालेल. अमेरिकी प्रकाशकाने आतलाच हट्ट धरला, तर टंकायचा मजकूर स्वतंत्र ओळीवर, अवतरणचिन्हांशिवाय द्यावा.