क्लाउनफिश ऑनलाइन मागवले, पॅकिंग मस्त पण 'क्वारंटाइन केलेत' वर विश्वास ठेवू नका

दोन ऑसेलॅरिस (क्लाउनफिशचीच एक जात) मागवले होते, सकाळी बॉक्स घरी, थर्माकोल, डबल पिशवी, ऑक्सिजन, सगळं एक नंबर. पण पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) १.०१९ आणि माझ्या टँकची १.०२५, हे आधी सांगायला काय जात होतं? मग क्वारंटाइनचा टब १.०१९ वर आणून त्यात सोडले, आठवडाभर हळूहळू वाढवत नेली. पाचव्या दिवशी एकाच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके, म्हणजे मरीन इच, समुद्री माशांना होणारा परजीवीचा रोग! सेलरचं एकच, "सर आम्ही क्वारंटाइन करूनच पाठवतो". कॉपर (तांब्याचं औषध) ३० दिवस दिलं, टबातच बरं का, मेन टँकमधले कोरल न् कोळंबी कॉपरने मरतात. दोघंही वाचले. ३ स्टार, त्यातले दोन पॅकिंगचे.